खंडाळ्यास चार दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या संमेलनात केलेले भाषण)



यंदा मंडळातर्फे व्याख्याने झाली, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या, भजनेही झाली. आता मंडळातल्या चौदा जणींनी खंडाळ्यास एक बंगला घेऊन चार दिवस राहावे असे कार्यकारिणीने ठरविले आहे, आणि त्याची आखणी कशी असावी हे सांगण्याचे काम माझ्याकडे आले आहे. माझ्या माहेरची मंडळी पूर्वी खंडाळ्यास बंगला भाड्याने घेऊन राहत असत, आणि अलीकडे मीही मैत्रिणींबरोबर तीनचार वेळा राहून आले आहे. तेवढ्याच अधिकारावर बोलते.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे सामानाच्या यादीत ते हरवायचे. हॉटेलात उतरणे आणि बंगल्यात राहणे यांत मोठा फरक हा, की बंगल्याला स्वयंपाकघर असते. बारा-पंधरा माणसे बंगल्यात राहायला गेली की पुरुषमंडळी व्हरांड्यात पत्ते मांडतात, मुले अंगणात धुडगूस घालतात, आणि घरी चौघांचे करणारी बाई तिथे परक्या भांड्यांत पंधरा जणांचे करीत बसते. चहा चार वेळा होतो. भजी तर धुके पडले की झालीच पाहिजेत. परत आल्यावर सगळे म्हणतात, "काय सुरेख हवा होती!" हवा खरोखरच सुरेख असते, फक्त ओट्यापर्यंत ती पोहोचत नाही. तेव्हा आपण आखणी करताना पहिला प्रश्न "काय काय पाहायचे" हा न घेता "कोणी काय करायचे नाही" हा घ्यावा, असे मला वाटते.

यावर कोणी म्हणेल, की बाईच्या विश्रांतीची एवढी चर्चा कशाला? तर त्यालाही इतिहास आहे. आपल्या आज्यांच्या काळी हवापालट हा शब्द होता, आणि तो डॉक्टरांच्या तोंडचा होता. विषमज्वर झाला, बाळंतपण अंगावर आले, खोकला महिनाभर हटेना, तर डॉक्टर सांगत, "यांना थोडे दिवस घाटावर न्या." क्षयाच्या रोग्यांसाठी पाचगणीचे बेल-एअर, मिरजेचे वानलेस अशी मोठी आरोग्यधामे होती, आजारातून उठलेल्या माणसाने अंग धरावे म्हणून मुंबईकर खंडाळे-लोणावळ्याची वाट धरीत. तिथे निरनिराळ्या समाजांनी आपापल्या लोकांसाठी सॅनेटोरियमे बांधली, त्यांत पारशी समाज पुढे होता. म्हणजे घरातल्या कर्त्या बाईला खंडाळ्याची हवा मिळायची तर आधी तिने आजारी पडणे आवश्यक होते.

पुढे १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिन सापडले आणि पाठोपाठ क्षयावरची आणखी औषधे आली. १९५६ साली मद्रासेत क्षयाच्या औषधोपचारांचा अभ्यास करणारे एक केंद्र निघाले. त्याने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनी जगभरच्या डॉक्टरांचे मत पालटले. दाटीवाटीच्या वस्तीतल्या आपल्या घरीच राहून नियमाने औषध घेणारे रोगी आणि सॅनेटोरियममध्ये खाटेवर ठेवलेले रोगी साधारण सारखेच बरे होतात, असे त्या अभ्यासात दिसून आले. हे फार मोठे काम झाले. किती संसार त्यामुळे वाचले असतील! पण त्याबरोबर घाटावर चार दिवस स्वस्थ पडून राहायला बाईजवळ जे एक सबळ कारण होते, ते गेले. सॅनेटोरियमे ओस पडली किंवा त्यांची अतिथिगृहे झाली, बंगल्यांत शनिवार-रविवारची गर्दी सुरू झाली, आणि हवापालटाची सहल झाली. सहलीत बाई आजारी नसते. त्यामुळे ती कामाला लागते.

आपल्या मंडळातल्या एका ज्येष्ठ भगिनींनी मला सांगितले, त्या आज इथे समोरच बसल्या आहेत आणि नाव न घेण्याच्या अटीवर त्यांनी परवानगी दिली आहे, की अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात लग्नकार्य, बाळंतपण आणि इस्पितळ यांखेरीज दुसऱ्या कारणाने त्या घराबाहेर रात्रीच्या राहिलेल्याच नाहीत. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितले नाही. "मला तिकडे गेल्यावर करायचे काय?" असे विचारताना सांगितले. त्या प्रश्नाला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. पुढची सारी आखणी मी त्यांना डोळ्यांसमोर ठेवून केली आहे.

आता वेळ. पावसाळ्यात खंडाळा अतिशय देखणा असतो, पण आपल्या कामाचा नाही. त्या बाजूला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे आपल्या मुंबईच्या दीडपटीहून जास्त. गाद्या ओलसर, कपडे तीन दिवस वाळत नाहीत, वीज जाते, आणि सुट्टीच्या दिवशी भुशी धरणाच्या रस्त्याला वाहनांची रांग लागते. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ आपल्याला उत्तम. गवत पिवळे झालेले असते, दरी स्वच्छ दिसते, रात्री शाल लागते. दुसरा एक विचार मार्चच्या पहिल्या आठवड्याचा. राज्याच्या पर्यटन खात्याने २०२३ साली 'आई' नावाचे स्त्रियांसाठीचे पर्यटन धोरण आणले. त्यात १ ते ८ मार्च या दिवसांत पर्यटन महामंडळाच्या निवासस्थानांत स्त्रियांना निम्म्या दराने राहण्याची सवलत जाहीर झाली होती. खंडाळ्याजवळ कार्ल्याला महामंडळाचे निवासस्थान आहे. ज्यांना बंगल्याचा व्याप नको त्यांनी तिकडे चौकशी करावी. मात्र त्या वर्षी सवलत चालू आहे ना, हे आधी विचारून घ्यावे.

वार मात्र सोमवार ते गुरुवार. शनिवार-रविवार अजिबात नको. आडवारी बंगल्याचे भाडे उतरते, घासाघीसही करता येते, आणि शेजारच्या बंगल्यातून रात्री बारापर्यंत गाणी ऐकू येत नाहीत. परवाच्या सभेत यावर आक्षेप आला, की आडवारी घरच्यांच्या डब्यांचे काय? भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर मंडळाने द्यायचे नाही, घरच्यांनी द्यायचे आहे. आपली घरची पुरुषमंडळी कचेऱ्या चालवतात, हिशेब तपासतात, कोणी तर सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. त्यांना तीन रात्री कुकर लावता येईल. फ्रिजमध्ये तीन दिवसांचे करून, डब्यांना चिठ्ठ्या लावून यायचे नाही, अशी अट मी प्रवेशपत्रिकेवर छापावी म्हणते. (हशा.) हसू नका, मी खरेच म्हणते आहे. निघण्याच्या आदल्या रात्री बारापर्यंत जी ओट्याशी उभी राहते, तिचा खंडाळ्यातला पहिला दिवस झोपेतच जातो.

बंगला निवडताना छायाचित्रांवर जाऊ नये. छायाचित्रांत पोहण्याचा तलाव निळा आणि बंगला रिकामा असतो. मोबाइलवर जाहिरात पाहून आगाऊ पैसे पाठवावेत आणि तिथे गेल्यावर त्या नावाचा बंगलाच सापडू नये, अशी फसवणुकीची प्रकरणे त्या भागात झालेली आहेत. म्हणून आपल्यापैकी दोघींनी आधी एक दिवस जाऊन बंगला पाहून यावे. मुंबईहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते, फार लांब नाही. गेल्यावर पाहायचे ते असे. तळमजल्यावर किती जणी झोपू शकतील? आपल्यातल्या सहा जणींचे गुडघे जिना चढत नाहीत. कमोड किती आणि न्हाणीघरात धरायला कडी आहे का? पाणी टाकीचे की टँकरचे, आणि चौदा जणींच्या अंघोळींना गरम पाणी किती वेळात मिळते? दहा खाटा म्हणजे दहा खाटा, की चार खाटा आणि सहा जमिनीवरच्या गाद्या? वीज गेल्यास काय सोय आहे? जवळचा डॉक्टर किती अंतरावर? खिडक्यांना जाळ्या आहेत का, कारण खंडाळ्याची माकडे फार शिकलेली आहेत, फळांची पिशवी टेबलावर विसरलात तर ती तुमची राहिली नाही. आणि भाड्यात काय काय धरले आहे, ते कागदावर लिहून घ्यावे. आमच्या ओळखीच्या एका घोळक्याला निघताना गादीमागे, गॅसमागे आणि कचरा उचलण्याचे म्हणून निराळे पैसे मोजावे लागले होते. मालक गोड बोलणारा होता, लिहून मात्र काहीच दिलेले नव्हते.

खर्चाचे थोडक्यात सांगते. भाडे, प्रवास, जेवण, कामवाल्यांचे पैसे आणि स्थानिक रिक्षा अशी पाच कलमे मांडा, बेरजेत दहावा हिस्सा अडीअडचणीचा म्हणून मिळवा आणि चौदाने भागा. येणारा आकडा एकदम द्यायला जड वाटतो. म्हणून आपल्या भिशीप्रमाणे दरमहा थोडे थोडे आतापासून जमा करू. ज्यांना पुरा आकडा झेपणार नाही त्यांनी खजिनदारबाईंना एकटीला सांगावे. कोणी किती दिले हे त्यांच्या वहीबाहेर जाणार नाही, आणि कमी दिले म्हणून कोणी भांडी घासायला पुढे सरसावू नये. हे मी मुद्दाम बोलते, कारण असे होताना पाहिले आहे.

आता स्वयंपाकघर. माझा प्रस्ताव असा, की दोन्ही वेळचे जेवण आपण करायचेच नाही. खंडाळ्यास बहुतेक बंगल्यांना रखवालदाराचे कुटुंब आवारातच राहते, आणि त्यातली बाई सांगून ठेवल्यास स्वयंपाक करून देते. भाकरी, पिठले, वांग्याची किंवा उसळीची भाजी, ठेचा आणि भात. तो भात बहुधा इंद्रायणीचा असतो. आंबेमोहर आणि आय. आर. ८ या वाणांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालेले हे वाण १९८७ साली प्रसारित झाले, आणि मावळच्या पावसात ते असे रुजले, की आज मावळ म्हटले की इंद्रायणीच डोळ्यांपुढे येतो. शिजला की चिकटसर होतो, वास सुटतो, आणि त्यावर साधी आमटीही पुरते. अंदाज म्हणून सांगते, चौदा जणींना एका वेळेस दीड किलो तांदूळ पुष्कळ होतो, भाकऱ्या असल्या तर एक किलोही पुरे.

पण इथे एक गोष्ट सांभाळायला हवी. आपण ओट्यापासून सुटलो आणि आपल्या जागी दुसरी बाई चौदा जणींचे करीत उभी राहिली, तर आपण काय केले? ती कोणाची तरी सून आहे, तिची मुले शाळेतून यायची असतात, आणि मालकाने तिला हे काम पगारात धरले आहे की नाही हे पाहुण्यांना माहीत नसते. म्हणून दर माणशी, दर जेवणाचा आकडा आधी ठरवावा, तो तिच्याशी बोलून ठरवावा, आणि पैसे तिच्याच हातात द्यावेत. मालकाकडे नको, तिच्या नवऱ्याकडेही नको. रात्री जेवायला नऊ वाजवू नयेत. साडेसातला पाने झाली की तिला घरी जाता येते. एका दुपारी बाहेरच्या खानावळीत जेवून तिला मोकळे ठेवावे. भांडी घासायला वेगळी बाई सांगावी. हे सारे खर्चाच्या कलमांत धरलेले आहे, म्हणूनच आकडा थोडा मोठा दिसतो. त्यात काटछाट करायची झाल्यास रिक्षांत करा.

सकाळचा चहा मात्र आपला आपण. आळीपाळीने दोघीदोघींनी करावा, आणि ज्यांची पाळी नाही त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून "मी काही मदत करू का" असे विचारू नये. हा नियम पाळणे आपल्याला सर्वांत अवघड जाईल असा माझा अंदाज आहे. घरून आणायचे ते एवढेच: पहिल्या दिवसासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या, लाडू-चिवडा, चहा-साखर, आपापली औषधे नावाच्या पिशवीत, विजेरी, शाल, न घसरणाऱ्या चपला. लोणची पाच जणींनी पाच प्रकारची आणू नयेत.

प्रवास आगगाडीनेच करावा. दादरहून बसले की कर्जतला बटाटेवडा, आणि तिथेच बहुतेक गाड्यांना घाट चढण्यासाठी मागून ढकलणारी इंजिने लावतात. खंडाळा स्थानकावर थोड्याच गाड्या थांबतात, तेव्हा लोणावळ्यास उतरून रिक्षा करणे बरे. चारपाच किलोमीटरांचा प्रश्न आहे. एस.टी.ने जाणाऱ्यांना १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांसाठी अर्धे तिकीट झाले आहे, हेही लक्षात असू द्या.

घाट चढू लागला, की एका बाईची आठवण काढावी अशी माझी विनंती आहे. बोरघाटाच्या रेल्वेचे काम १८५६ साली सुरू झाले. चढ असा, की जागोजाग सदतीस फुटांत एक फूट चढायचे. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. पहिल्या ठेकेदाराने १८५९ साली काम सोडले. मग सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज ठेकेदार आला, आणि मुंबईस उतरल्यावर थोड्याच दिवसांत आजाराने वारला. त्याची विधवा पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने मायदेशची बोट धरली असती तर तिला कोणी नावे ठेवली नसती. तिने ठेका आपल्या अंगावर घेतला, जाणते इंजिनियर नेमले, आणि काम चालू ठेवले. १८६१ च्या सुमारास त्या डोंगरात चाळीस हजारांवर मजूर राबत होते, आणि त्यांत पाट्या वाहणाऱ्या आपल्या बायकाही होत्या. पटकीने आणि अपघातांनी कितीतरी माणसे तिथेच गेली. १८६३ साली घाट खुला झाला. ॲलिसबाईंचे नाव निदान पुस्तकांत सापडते. पाट्या वाहणारीचे तेवढेही नाही. त्या काळी गाडी अर्ध्या घाटात एका स्थानकावर थांबून तोंड फिरवून उलटी चढत असे. १९२९ साली नवा मार्ग झाल्यावर ते बंद पडले. त्या जुन्या मार्गावरचा एक पूल 'अमृतांजन पूल' म्हणून आपल्या सर्वांच्या ओळखीचा होता. तो २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना, पाडून टाकला.

पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण दिवसाला एकच. राजमाची पॉइंटवरून समोर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले दिसतात, आणि तिथे बसायलाही येते. नागफणी दुरूनच पाहावी. कार्ल्याच्या लेण्यांना आणि एकवीरेला पायऱ्या बऱ्याच आहेत. ज्यांना झेपेल त्यांनी सकाळी लवकर निघावे, इतरांनी खालून हात जोडावेत, आई समजून घेते. वर गेलात तर चैत्यगृहाच्या छताला लावलेल्या लाकडी कमानी पाहा, दोन हजार वर्षांच्या सुमाराचे लाकूड आहे ते. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत, आणि त्यांत भिक्षुणींचीही आहेत. आपल्या वर्गणीच्या पावत्या मात्र दरसाल रद्दीत जातात.

पाण्याविषयी निक्षून सांगते. आपण पावसाळ्यात जाणार नाही, पण नातवंडांना घेऊन तुमच्यापैकी पुष्कळजणी जातीलच. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसे, एक बाई आणि चार मुले, वाहून गेली. ती माणसे आधी उथळ पाण्यातच उभी होती. वर डोंगरात पाऊस वाढला की खाली काही क्षणांत लोंढा येतो, आणि गुळगुळीत खडकावर पाय ठरत नाही. १५ जून २०२५ रोजी मावळातच कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला आणि चार जण गेले. जिथे फलक लावून मनाई केली आहे तिथे "जरा पाय बुडवून येतो" असे कोणी म्हणाले, तर आपण आजी म्हणून, आई म्हणून वाईटपणा घ्यावा.

उरलेल्या वेळात काय करायचे, हा त्या ज्येष्ठ भगिनींचा प्रश्न. मी त्यांच्यासाठी पूर्वेच्या व्हरांड्यातली एक वेताची आरामखुर्ची राखून ठेवायची ठरवली आहे. सकाळी सातच्या सुमारास दरीतून धुके वर येते आणि नऊपर्यंत विरते. ते पाहायचे. कंटाळा आला तर आत येऊन झोपायचे. कोणी हाक मारणार नाही.

ज्यांना यायचे आहे त्यांनी पुढच्या मासिक सभेपर्यंत नावे द्यावीत, सोबत रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्यांची नावे आणि घरचा एक फोन क्रमांक लिहून. तळमजल्यावरच्या खाटा वयाप्रमाणे आणि गुडघ्यांप्रमाणे दिल्या जातील. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या टाकू. घोरणाऱ्यांनी स्वतःहून सांगावे, त्यांची खोली मी निराळी धरली आहे, आणि त्या खोलीत माझे नाव पहिले आहे.